मोजपट्टीचे पहिले टोक

आश्विन आला, हे मला कपाट सांगते. दहिसरच्या या इमारतीत राहायला येताना जुन्या सामानातून मी एवढी एकच मोठी वस्तू बरोबर आणली. सागवानी, दोन दारांचे, माझ्याच हाताने केलेले कपाट. पावसाळा लागला की त्याचे डावे दार फुगते, चौकटीत घट्ट बसते आणि मग कोणी ओढले तरी हलत नाही. सून दरवर्षी म्हणते, "बाबा, सुताराला बोलावून थोडं तासून घेऊ या." मी नाही म्हणतो. पावसात तासलेले दार थंडीत खुळखुळते. लाकडाला त्याचा वेळ द्यावा लागतो. भाद्रपद सरतो, ऊन पांढरे पडते, भिंतींची ओल सुकते आणि एका सकाळी ते दार एका बोटाने ओढले तरी उघडते. या वर्षी ते काल उघडले.

आत फारसे काही नाही. काही पटाशा आहेत. त्यांना आता मी धार लावत नाही, कारण धार लावलेले हत्यार काम मागते. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे आणि त्याच्या मागे एक आखूड मोजपट्टी उभी आहे. डब्यात लाकडाचे चार तुकडे आहेत. लांबी करंगळीएवढी, जाडी पेन्सिलीएवढी, आणि प्रत्येकाच्या वरच्या कडेला सहा बारीक खाचा. सून साफसफाई करताना विचारते, "हे टाकायचं का?" मी म्हणतो, राहू दे. ती पुढे विचारत नाही. या घरात मला कमी बोलू देतात, एवढे सुख आहे.

ते चार तुकडे एका गिटारचे आहेत. अधिक नेमके सांगायचे तर, त्या गिटारने नाकारलेले आहेत.

विजेच्या गिटारला सतारीसारखा भोपळा नसतो. एक भरीव लाकडी धड, त्यातून निघणारी दांडी, दांडीवर पितळेचे पडदे आणि टोकाला खुंट्यांचे डोके. तारा धडावरच्या घोडीपासून, म्हणजे त्यांना पेलणाऱ्या पट्टीपासून, निघतात आणि डोक्याकडे जातात. दांडी संपते व डोके सुरू होते तेथे एक आडवा तुकडा बसवलेला असतो. त्याच्या खाचांतून तारा पुढे सरकतात. त्याला नट म्हणतात. दिसायला तो काहीच नसतो. परंतु मोकळी तार तेथून बोलायला लागते आणि प्रत्येक पडद्याचे अंतर तेथूनच मोजतात. गिटारचे शून्य ते. एका वर्षी भाद्रपदापासून आश्विनापर्यंत आम्ही दोन प्रौढ माणसे या करंगळीएवढ्या तुकड्यासाठी लाकूड शोधत हिंडलो. ते दिवस आठवले की मला अजून दमल्यासारखे होते.

तो काळ ऐंशीनंतरचा. गिरण्यांचा संप मिटला की नुसता विरला, हे कोणी नीट सांगत नव्हते. मी आणि परब मुलुंडला लोखंड ओतण्याच्या एका कारखान्यात पॅटर्न करत होतो. जो भाग लोखंडात ओतायचा, त्याची आधी लाकडी प्रतिकृती करायची. ती वाळूत दाबायची, काढून घ्यायची आणि राहिलेल्या पोकळीत लोखंड सोडायचे. आमचे खाते भट्टीपासून दूर, आवारातल्या आंब्याखाली होते. तेथे सागाचा भुसा, सरस आणि चपड्याच्या पॉलिशचा वास असे. ओतकामाच्या बाजूचे लोक काळे होऊन घरी जात, आम्ही पिवळे होऊन.

आमच्या कामात दोन मोजपट्ट्या लागत. तापलेले लोखंड निवताना आकसते, म्हणून लाकडी पॅटर्न थोडा मोठाच करावा लागतो. किती मोठा, याचा हिशेब दर वेळी करत बसायला नको, म्हणून ती वाढ मोजपट्टीतच घातलेली असते. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित लांब असतो. डोळ्याला ते कळत नाही. तिला आम्ही 'वाढीव' म्हणत असू आणि घरोघरी असते तिला 'सरळ'. परबची वाढीव विलायती होती. बॉक्सवूड नावाच्या लाकडाची, पिवळसर, दाट, हाताच्या घामाने हस्तिदंतासारखी झालेली. ज्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली तो शिकला, त्याने निवृत्त होताना ती त्याला दिली होती. परबच्या बाकावर तिची जागा उजव्या हाताला होती. न पाहता हात टाकला की ती हातात येई.

परब मालवणकडचा. अंगाने काटक, बोलायला फटकळ, आणि कामात माझ्याहून एक पायरी वर. हे मी तेव्हाही मान्य करत होतो. घाटकोपरला टेकडीच्या उतारावरच्या एका चाळीत त्याची एक खोली होती. घरात बायको आणि मुलगी नंदा. नंदा कॉलेज संपवून घरी होती आणि अंधेरीला एका मास्तरांकडे गिटार शिकत होती. मास्तरांची गिटार मास्तरांच्याच घरी राही. घरी ती लाटण्यावर बोटे बसवून सराव करते, असे परब हसत सांगे. एकदा हसता हसता थांबला आणि म्हणाला, "शिर्के, एक गिटार ती काय? लाकूडच मां?"

त्या उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत त्याने दांडी केली. फुटून मोडीत निघालेल्या एका पॅटर्नचा जुना साग होता, वर्षानुवर्षे मुरलेला. असा साग आता विकत मिळत नाही. मास्तरांच्या गिटारवरून नंदाने पडद्यांची अंतरे उतरवून आणली होती. परबने ती दांडीवर आखली, करवतीने चिरा घेतल्या, पितळेची तार ठोकली. दांडी हातात घेतली तेव्हा ती कोणत्याही बाजूने कोठेही अडत नव्हती. मी एवढेच म्हणालो, "बरी झालीय." तो म्हणाला, "मेल्या, तुझ्या तोंडातून बरी म्हणजे माका सोन्याचा कडा."

श्रावणात कारखान्याच्या फाटकावर टाळेबंदीची नोटीस लागली. आम्हांला आपापल्या हत्यारांच्या पेट्या तेवढ्या बाहेर काढू दिल्या. परबने एका खांद्यावर पेटी घेतली आणि काखेत दांडी. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "परबशेट, वल्हं कशाला घेऊन चाललात?" कोणी हसले नाही. परब म्हणाला, "व्हडी बुडाली ना रे. वल्ह्या तरी नेतंय."

गिटारचे धड त्याने घरी केले. बाहेरच्या गॅलरीत, दोन स्टुलांवर फळी टाकून. चाळीतल्या बायका येता जाता विचारत, "काय हो, पाट करताय का?" कुर्ल्याला विजेच्या मोटारींची गुंडाळी भरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने लोहचुंबकावर बारीक तांब्याची तार गुंडाळून दिली. आवाज पकडण्याचे काम ती करते. एका जुन्या रेडिओचे पोट उघडून नंदाने तो आवाज बाहेर काढला. तोपर्यंत हे सगळे हौसेचे होते. गणपती झाले आणि त्याचे स्वरूप बदलले. नंदा जिथे कधीमधी कोरसमध्ये गायला जाई, त्या ऑर्केस्ट्राचा गिटारवाला दुबईला निघाला. मालकाने तिला सांगितले, "स्वतःचं वाद्य घेऊन दसऱ्याला दुपारी ये. ऐकतो. बरं वाटलं तर जागा तुझी. नाहीतर चेंबूरचा एक मुलगा तयार आहे." घरात दुसरे कोणी कमावते उरले नव्हते. विकतची गिटार हा विषयही निघाला नाही.

तारा चढवल्या त्या दिवशी मी तेथे होतो. मोकळ्या तारा सुरेख बोलल्या. परबने माझ्याकडे पाहिले. मग नंदाने दांडीवर बोटे सरकवायला सुरुवात केली. खालचे पडदे ठीक होते. पुढे कोठेतरी तिच्या कपाळाला आठी पडली. बाराव्या पडद्यावर तीच तार वरच्या सप्तकात नेमकी तीच बोलायला हवी. ती किंचित चढी बोलली. मलाही ऐकू आले, आणि मला गाण्यातले काही कळत नाही.

"बाबा, वाट लागली," नंदा म्हणाली. "जसं वर जावं तसं जास्त बाहेर जातंय."

"नट उंच आसतलो," परब म्हणाला. "तार दाबूची लागता, म्हणान ताणता. लाकूड पण मऊ आसा."

हे तर्काला धरून होते. नट उंच असला की तार पडद्यापर्यंत दाबताना ताणली जाते आणि स्वर चढतो. मीही मान डोलावली. नंदा म्हणत होती ते वेगळे होते, परंतु आम्ही लाकडाची माणसे. आजार लाकडात असेल, तर औषध लाकडातच मिळेल अशी आमची समजूत.

मास्तरांचे म्हणणे होते की चांगला नट हाडाचा असतो. नंदाने ते सांगताच परबवहिनी चुलीवरून न वळता म्हणाल्या, "हाडूक देवाच्या घरात नको." नंदाने टूथब्रशच्या दांडीचे नाव काढले. तेव्हा परब उखडला. "सागाच्या दांडीक प्लास्टिकचो दात? मी अजून जिवंत आसंय." ठरले ते असे की लाकूडच हवे, फक्त अधिक कठीण.

पहिला तुकडा सागाचा होता, दांडीच्याच उरलेल्या भागातला. साग तेलकट. त्यात तार हळूहळू रुतत जाते आणि आवाज उशीतून आल्यासारखा येतो. डब्यातल्या त्या तुकड्याच्या खाचा पाहिल्या तर खालच्या दोन खाचा ठसठशीत खोल झालेल्या दिसतात. दुसरा शिसवीचा. शिसवी दाट, काळसर, आवाजाला बरी. ती कोठून आणली हे परब सांगेना. दोन दिवसांनी वहिनींना पोळी लाटताना कळले की लाटणे एका बाजूने आखूड आहे.

"अहो, लाटण्याचा टोक खंय गेला?"

"उंदरान खाल्ल्यान आसतला."

"उंदराक करवत कोणी दिल्यान?"

नंदा हसत बसली. त्या घरात त्या दिवसांत ऐकलेले ते शेवटचे मोकळे हसू. शिसवीत वरून बारीक तार गुंडाळलेल्या जाड तारा अडकत. खुंटी पिळली की तार न सरकता थांबे आणि मग एकदम टक्क करून सुटे. बारावा पडदा होता तेवढाच चढा राहिला.

तिसरे लाकूड चिंचेचे. चिंचेचा गाभा ज्याने तासला आहे त्यालाच त्याचा हट्ट माहीत. मटणाच्या दुकानातला ठोकळा नेहमी चिंचेचा असतो, कारण सुरीचे घाव तोच सोसतो. परबने आपल्या ओळखीच्या खाटकाकडून जुन्या ठोकळ्याची एक ढलपी आणली, गरम पाण्याने धुतली, उन्हात वाळवली. जिन्यात मला म्हणाला, "घरात बोलू नको. हाड नको म्हणाली, हाडाखालचा लाकूड चलात." हा नट दोन दिवस छान राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हाने एका खाचेतून सरळ तडकला. डब्यात तो दोन भागांत आहे, तरी मी त्याला एकच मोजतो.

एव्हाना पितृपक्ष लागला होता. त्या पंधरवड्यात नवीन काही करायचे नाही, असे वहिनींचे म्हणणे. परब म्हणाला, "नवा नाय, दुरुस्ती आसा." वहिनींनी ते मान्य केले नाही, पण रोज सकाळी गॅलरी झाडून त्याची जागा मोकळी करून दिली. ऊन असे की पत्र्याला हात लावता येत नसे. टेकडीवरून येणारा वाराही तापलेला. मी मुलुंडहून सकाळी येई. घरी बसून करण्यासारखे मलाही काही नव्हते. कारखान्याचे नाव कोणीच घेत नसे. नंदा आतून एकच तार पुन्हा पुन्हा वाजवी. मोकळी, मग बारावा पडदा, मग मोकळी. दाढ दुखत असताना जीभ वारंवार तेथेच जावी तसे. शेजारची एक म्हातारी एकदा दारात येऊन म्हणाली, "पोरी, पुढचं गाणं येत नाही का तुला?"

चौथ्यासाठी आम्ही आरे कॉलनीत गेलो. तबेल्यांच्या पलीकडे, जंगलातल्या पाड्यावर, परबच्या ओळखीचा एक म्हातारा सरपण विकत असे. त्याच्या ढिगातून परबने खैराचे एक खोड निवडले. नख रोवून पाहिले, दगडावर आपटून आवाज ऐकला, फुटलेल्या टोकाला जीभ लावली. मीही लावली. तुरट. परतीच्या बसमध्ये ते खोड त्याने मांडीवर आडवे धरले होते. बाहेर झाडी संपून वस्ती सुरू झाली तेव्हा अचानक म्हणाला, "ह्या जर चुकला, तर माझो हातच चुकलो म्हणायचो." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

खैर लोखंडासारखा. कानस त्याच्यावर घसरते. एक नट करायला परबला अख्खा दिवस लागला. तो बसवला आणि आवाज असा स्वच्छ आला की शेजारचे दार उघडले. मग नंदाने बारावा पडदा दाबला. चढा. अगदी पहिल्याइतकाच चढा. परबने खाचा आणखी खाली घेतल्या, मग आणखी. शेवटी इतक्या खाली गेल्या की मोकळ्या तारा पडद्यांना घासून झणझणायला लागल्या. म्हणजे तोही गेला. खोडाला आतून चीर होती, दुसरा निघण्यासारखा नव्हता. नंदा उठून नळावर गेली आणि बराच वेळ आली नाही.

हे सगळे लिहिताना खालच्या पटांगणातून आवाज येतो आहे. नवरात्र आहे. एक मुलगा कसलेसे यंत्र घेऊन उभा असतो आणि त्यातून पन्नास वाद्ये वाजतात. एकाही वाद्याला नट नाही. सूर मात्र पक्का असतो, हे मान्य करायला हवे. मी खिडकी लावून घेतो. कोणाबद्दल राग म्हणून नाही. दमायला होते.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. कारखान्यात त्या दिवशी बाक धुतले जात, करवती रंधे मांडून त्यांना हळदकुंकू लावत, आणि मग दसरा उजाडेपर्यंत कोणी हत्याराला हात लावत नसे. भट्टीसुद्धा थंड असे. त्या वर्षी परबने पूजा घरी मांडली. मला बोलावणे होते. मी गेलो तेव्हा वहिनींनी मांडणी पूर्ण केली होती. पाटावर पटाशा उतरत्या क्रमाने, रंधे, करवत, आणि पुढे दोन मोजपट्ट्या, वाढीव आणि सरळ, टोकाला टोक जुळवून शेजारी शेजारी. वहिनींना सगळे रांगेत लागते. पाटाच्या मागे भिंतीला टेकून गिटार, तिच्या डोक्यावर झेंडूचे फूल.

कारखान्यात या दोन मोजपट्ट्या कधी अशा ठेवल्या जात नसत. गोंधळ नको म्हणून वाढीव उजवीकडे, सरळ डावीकडे, मध्ये सगळा बाक. मीही त्यांना इतक्या जवळ कधी पाहिले नव्हते.

नंदा हळदकुंकवाचे तबक घेऊन पुढे वाकली आणि तशीच राहिली.

"बाबा, या दोघींचे आकडे का जुळत नाहीत?"

"ती वाढीव आसा," परब सवयीने म्हणाला. "लोखंड आकसता, म्हणान..."

तेथे तो थांबला. त्याने गिटारकडे पाहिले. मग मोजपट्टीकडे. मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळले. खोलीत उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता.

"दांडी हिच्यान आखलंय," तो म्हणाला.

"आणि धड?" मी विचारले.

"धड घरात. सरळीन."

एवढेच होते. दांडीवरचे पडदे कारखान्याच्या मापाने बसले होते, घोडी घराच्या मापाने. पडदे थोडे थोडे लांब पडत गेले आणि तार मात्र होती तेवढीच. खाली फरक जाणवत नव्हता, वर वर साचत होता. नंदा पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती. नटाचा दोष नव्हता. सागाचा, शिसवीचा, चिंचेचा, खैराचा, कोणाचाच नव्हता.

"डोळ्यान नाय उचललंय," परब म्हणाला. "हातान उचललंय. ती नेहमी उजवीकडे आसायची."

नंदाने तबक खाली ठेवले. "मग सोपं आहे ना. घोडी मागे सरकवायची. स्क्रू काढा, दहा मिनिटांचं काम आहे."

"आज हत्याराक हात लावूचो नाय," वहिनी म्हणाल्या.

"आई, उद्या दुपारी त्यांनी बोलावलंय."

नंदाने वडिलांकडे पाहिले. मीही पाहिले. कारखाना बंद, खाते बंद, पूजेला चार माणसे. त्याने एक स्क्रू फिरवला असता तर कोणी काही म्हटले नसते. परब पाटासमोर मांडी घालून बसला.

"आज ती बसली आसत," तो म्हणाला. "उद्या उठतली."

तो दिवस फार लांब होता. आम्ही जेवलो, ते आठवते. दुपारी गॅलरीत ऊन आले आणि गेले. औषध सापडले होते आणि बाटली उघडता येत नव्हती. नंदा उंबऱ्यात पाठमोरी बसून होती. बोटे मांडीवर हलत होती, बिनतारेची. परब पाटाकडे पाहत होता. त्याने एकदाही नजर काढली नाही. एक माणूस आपल्या हातांवरचा विश्वास गेल्यानंतर त्या हातांची पूजा करून त्यांच्यासमोर दिवसभर बसतो, हे मी पाहिले. निघताना म्हणालो, "सकाळी लवकर येतो." त्याने मान हलवली.

सकाळी मी गेलो तेव्हा हळद पुसून हत्यारे फळीवर आली होती. परबने सरळ मोजपट्टी पेटीत टाकली आणि वाढीव हातात घेतली. ज्या मापाने दांडी केली त्याच मापाने घोडीची जागा पुन्हा काढली. घोडी पाव इंच मागे गेली. जुन्या स्क्रूंची भोके उघडी राहिली, ती त्याने बुजवली नाहीत. माप खोटे असले तरी चालते, ते शेवटपर्यंत एकच असावे लागते. हे मला पॅटर्नच्या कामात इतकी वर्षे काढूनही असे कधी दिसले नव्हते.

नट मात्र उरला नव्हता. खैराचा फार खाली गेलेला, चिंचेचा तडकलेला. घरात तेवढे कठीण लाकूड दुसरे नव्हते आणि दसऱ्याच्या सकाळी वखार कोण उघडणार. परब हातातल्या मोजपट्टीकडे बघत राहिला. अंगठ्याने तिची कड चाचपली. बॉक्सवूड. त्याच्याइतके बारीक कणाचे लाकूड आम्ही दोघांनीही पाहिले नव्हते.

वहिनींना ते माझ्या आधी कळले. "अहो, कालच पूजलेली वस्तू ती."

"पूजली, म्हणान तर."

मी म्हणालो, "परब, कारखाना उघडला तर लागेल ती."

त्याने माझ्याकडे सरळ पाहिले. "शिर्के, तू खोटा बोलणस नाय. सांग. उघडतलो?"

मी फळी मोकळी केली. त्याने करवत उचलली.

मोजपट्टीचे पहिले टोक, शून्यापासून दोनच्या रेघेपर्यंत, त्याने कापले. भुसा फिकट पिवळा पडला, पिठासारखा. कापताना करवतीचा आवाजसुद्धा वेगळा होता, दबका आणि एकसंध. मग कानस, मग पॉलिशचा कागद, मग सहा खाचा. आकड्यांची बाजू त्याने डोक्याकडे केली, म्हणजे वाजवणाऱ्याला दिसत नाही, पण वाकून पाहिले तर रेघा आहेत. सरसाचा एक थेंब. तारा चढल्या.

नंदाने मोकळी तार छेडली. मग बारावा पडदा. मग पुन्हा मोकळी. मग ती दांडीवर खालपासून वरपर्यंत गेली आणि परत आली. आम्ही तिच्या कपाळाकडे पाहत होतो. आठी पडली नाही.

"झकास," ती म्हणाली. हळूच, घरात कोणी झोपले आहे असे.

दुपारी महापालिकेच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही तिघे गेलो. मालक पायजमा-झब्ब्यातला जाडसर गृहस्थ होता. नंदाने वाजवले. त्याने डोळे मिटून ऐकले, मग गिटार स्वतः हातात घेतली आणि बोट थेट बाराव्या पडद्यावर ठेवले. त्यालाही तेच ठिकाण ठाऊक होते. परबने श्वास धरला होता, हे मला त्याच्या शेजारी उभे असल्यामुळे कळले. मालकाने गिटार उलटी केली, डोक्यावर नाव शोधले. नाव नव्हते.

"कुठल्या कंपनीची?"

"बंद पडली ती कंपनी," परब म्हणाला.

"तरीच. पाहिली नव्हती कधी." मग नंदाला म्हणाला, "कोजागिरीला मुलुंडला कार्यक्रम आहे. साडी कुठलीही चालेल, काळी नको. तार एक जास्तीची ठेवत जा."

बाहेर आल्यावर परबने मला आपट्याचे पान दिले आणि पिशवीतून ती मोजपट्टी काढली. "ही तू ठेव. माका आता सरळ बास."

त्याचे म्हणणे खरे ठरले. कारखाना उघडला नाही. परबने पुढे नव्या इमारतींत दारे बसवण्याचे काम केले, तयार आलेली, भुशाच्या फळीची दारे. त्याबद्दल तो वाईट बोलत नसे. काहीच बोलत नसे. त्याला जाऊनही आता बरीच वर्षे झाली. मी एका तांत्रिक शाळेत शिकवायला लागलो. वाढीव मोजपट्टी म्हणजे काय हे दाखवायला मी हीच वर्गात नेत असे. दरवर्षी कोणीतरी विचारायचेच, "सर, हिचं शून्य कुठं गेलं?" मी सांगायचो, दोनपासून मोजा आणि दोन वजा करा. ते तसे मोजत. माप बरोबर येई.

आज ती बाहेर काढून पाहिली. कापलेली कड अजून पिवळी आहे, बाकीचे लाकूड तपकिरी झाले आहे. नंदा मुलुंडला असते. बोटे दुखतात म्हणून कार्यक्रम करत नाही, शिकवते. दसऱ्याला फोन करते. गेल्या वर्षी म्हणाली, "काका, पडदे दोनदा बदलले. खुंट्या बदलल्या. नट तोच आहे." मी म्हणालो, "बरं." तिने फोनजवळ धरून एक तार मोकळी छेडली आणि मग बाराव्या पडद्यावर. मला गाण्यातले कळत नाही. दोन्ही सारखे वाटले.

मोजपट्टी मी डब्यामागे उभी ठेवली. दार एका बोटाने लागले.